किल्ल्या कुणाच्या हाती



सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

देवनागरी मजकूर शोधासाठी एकसारखा करून देणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी मी अकरा वर्षं सांभाळतो आहे. तिच्यात ‘दऱ्या’ शोधलं की ‘दर्या’ हाती यायचा. मागावी दरी आणि मिळावा समुद्र! युनिकोडमध्ये ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे दोन भाग पडतात, आणि माझा कोड नुक्ता सरसकट गाळत होता. लातूरच्या एका विद्यार्थिनीने हे हेरलं, नऊ ओळींचा पॅच पाठवला, सोबत चाचणीही जोडली. मी तो सात महिने उघडला नाही. घरात आजारपण होतं, नोकरी होती. कारणं खरी होती. पण ‘सध्या जमणार नाही’ एवढं तिला कळवायला मला दोन मिनिटं पुरली असती. फुकट काम करणाऱ्यावर कोड लिहिण्याची सक्ती कुणी करू नये. आपण दार उघडं ठेवलं आहे की बंद, हे मात्र त्याने सांगितलंच पाहिजे.

आता एक्सझेडची गोष्ट. फाइली दाबून लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतं, आणि वर्षानुवर्षं ते एकटा माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. 2022 मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणं लावलं : रिलीज कधी, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नाही, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने उघडपणे लिहिलं. मी जे केलं नाही, ते त्याने केलं होतं. तरी त्या साधनावर धंदा उभारलेल्यांपैकी कुणी हात द्यायला पुढे आलं नाही. आला तो ‘जिया टॅन’ नाव घेतलेला कुणीतरी. दोनेक वर्षं इमानदारीने पॅच पाठवून त्याने विश्वास मिळवला, रिलीज काढण्याचा अधिकार मिळवला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावावासा वाटला, म्हणून 29 मार्चला तो चोरदरवाजा उघडकीला आला. त्या थकलेल्या माणसाला दोष देणारे मला भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. किल्ल्या कुणाला, किती दिवसांनी, किती जणांच्या संमतीने द्यायच्या, हा नियम एकट्या माणसाने आजारपणात बसून कुठून करावा?

तो आधी, बरे दिवस असताना करायचा असतो. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाने हे ओळखलं. तिथे पॅकेज सांभाळणारा ‘मदत हवी’ किंवा ‘दत्तक घ्या’ अशी रीतसर नोंद करतो. सोडून दिलेलं पॅकेज ‘अनाथ’ म्हणून यादीत लागतं. त्यात कमीपणा नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींना मात्र हे उशिरा सुचलं. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम जुलै 2018 मध्ये पायउतार झाले, तेव्हा वारस ठरलेला नव्हता. मग मतदान होऊन पाच जणांचं मंडळ आलं, आणि एकाच कंपनीचे दोनहून अधिक सदस्य त्यात नसावेत, हेही लिहून ठेवलं गेलं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे संस्था फुटतात त्या बहुधा असं काही लिहिलेलं नसतं म्हणूनच.

गेल्या महिन्यात मी माझ्या लायब्ररीचे अधिकार तिघांत वाटले. दोघांच्या संमतीशिवाय रिलीज निघणार नाही आणि कुठल्याही पॅचला पंधरा दिवसांत उत्तर जाईल, असं आम्ही ठरवलं. तिघांपैकी एक ती लातूरची मुलगी. परवा तिने माझा एक पॅच चाचणी नाही म्हणून परत पाठवला. काल रात्री बसून मी ती चाचणी लिहिली आहे.