कुरकुर नक्की कुठली?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता, ‘तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल.’ एआयवर बोलणारे सध्या गल्लोगल्ली आहेत. आपल्या वर्गातले निम्मे लोक शेतमालाच्या धंद्यात आहेत आणि बऱ्याच जणांच्या दारात पिकअप उभी आहे. म्हणून मी पिकअपच्या पाट्यांवर बोलणार आहे. डिग्री माझी मेकॅनिकलचीच आहे, नोकरी तेवढी सॉफ्टवेअरची. आपल्या शाळेत टेक्निकल मुलांना आणि शिवणकाम मुलींना होतं, त्यामुळे पाना माझ्या हातात आला तो थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी. काजाबटण मात्र मला अजून येतं, बाई.

माझा दादा टोमॅटो वाहतो. पिंपळगाव बसवंतला माल भरायचा आणि रात्रीतून कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटला पोचवायचा. एका खेपेला वीस किलोचे सत्तर क्रेट, म्हणजे चौदाशे किलो. त्याची गाडी मागून कुरकुरायला लागली. खड्डा आला की कुईं, गतिरोधक आला की कुईं. आईला पहाटे फाटक उघडायला तो आवाज बरा पडायचा, पण दादाला रात्रभर कानाशी ते ऐकून गाडीत बसवेना. एका गॅरेजवाल्यानं पाट्यांवर ब्रशनं जळकं ऑइल मारून दिलं. आठ दिवस आवाज बंद, नवव्या दिवशी पुन्हा सुरू. दुसऱ्यानं सांगितलं, दोन्ही बाजूंचे पाटे अख्खे बदला. तो आकडा ऐकून दादा गाडी विकायच्या गोष्टी करायला लागला. गाडी विकली की परत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, हे घरात सगळ्यांना कळत होतं. डिसेंबरच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा ही स्थिती होती.

आता पाटा म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण कुरकुर कुठून येते हे त्यावरच ठरतं. सगळ्यात लांब मुख्य पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. पुढचं टोक चासीला एका जागी बोल्टनं अडकवलेलं असतं. मागचं टोक शॅकलवर झुलतं, कारण भार पडला की पाटा सपाट होतो, म्हणजेच लांब होतो, आणि त्या लांबीला कुठंतरी जागा द्यावी लागते. या बोल्टांभोवती बुश असतात. मधोमध सगळे पाटे एका सेंटर बोल्टनं एकत्र बांधलेले असतात आणि यू-बोल्ट त्या गठ्ठ्याला एक्सलवर आवळून धरतात. शिवाय पाटे एकमेकांवर घसरतात, ते वेगळंच. म्हणजे आवाजाच्या जागा झाल्या चार-पाच: पुढचा बोल्ट, शॅकलचा वरचा आणि खालचा बोल्ट, पाट्यांची टोकं आणि मधला आवळलेला भाग. पण या प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. काही जागा हलण्यासाठी केलेल्या आहेत आणि काही अजिबात हलू नयेत म्हणून.

दादानं एक गोष्ट सहज सांगितली, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. ‘पावसाळ्यात आवाज नव्हता गं, दिवाळीनंतर आला.’ पाणी हे काही चांगलं वंगण नव्हे, सुकलं की गंज ठेवून जातं. पण ओलं असेपर्यंत ते आवाज दाबतं. मग हाच गुण वापरून बघायचा. आईची कुंड्यांना पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली. गल्लीतली चार पोरं मागच्या फळीवर उभी करून त्यांना नाचायला सांगितलं, आणि या कामासाठी कुणालाही दोनदा सांगावं लागलं नाही. एका वेळी एकाच जागी पाणी मारायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं आणि ऐकायचं. डावीकडचा पुढचा बोल्ट भिजवला, आवाज तसाच. पाट्यांची टोकं भिजवली, तसाच. शॅकलचा वरचा बोल्ट भिजवला आणि कुरकुर थांबली. पाणी सुकल्यावर परत आली, पुन्हा मारलं, पुन्हा थांबली. एकदा थांबली म्हणून विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्येसुद्धा एकदा गायब झालेल्या बगवर मी विश्वास ठेवत नाही.

खर्च आला तो पाण्याचा आणि पोरांच्या वडापावचा.

इथं कुणीतरी म्हणेल, जागा सापडली, आता मारा ग्रीस. थांबा. आधी बुश कसला आहे ते बघा. बोल्टाच्या तोंडाशी ग्रीसचं निप्पल असेल, तर ती पिन आतून पोकळ असते आणि ग्रीस आत जाऊन धातूच्या बुशवर पसरतं. तिथं ग्रीस हवंच. ग्रीस गन लावायची आणि जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत दाबायचं. आत जात नसेल तर जॅक चासीला लावून गाडी उचला, म्हणजे पिनवरचा भार सुटतो आणि ग्रीसला वाट मिळते. मात्र दुसऱ्या चाकांना दगड लावल्याशिवाय आणि चासीखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कुणी खाली शिरू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही.

दादाच्या गाडीला निप्पल नव्हतं, रबरी बुश होते. रबरी बुशचं काम वेगळं असतं. त्यात बोल्ट फिरत नाही, आतली लोखंडी नळी बोल्टनं घट्ट आवळलेली असते आणि रबर स्वतः पिळवटून हालचाल सोसतं. त्याला साधं ग्रीस किंवा जळकं ऑइल लावलं तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. लावायचंच असेल तर सिलिकॉनचं ग्रीस. आम्ही बोल्ट काढायला गेलो तर तो नळीत गंजून बसला होता, ठोकून ठोकून निघाला. ऑइल पिऊन रबराच्या चिंध्या झाल्या होत्या आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. म्हणजे आठ दिवस आवाज बंद करणारा उपायच बुश खात होता.

नवा बुश घालताना बोल्टाच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात दिला, तो गंज धरू नये म्हणून. आणि एक गोष्ट बहुतेक जण घाईत विसरतात: रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचा भार पाट्यांवर येऊ द्या आणि मग आवळा. नाहीतर रबर लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पण खरी गोष्ट अजून सांगायची आहे. बुश बघायला म्हणून आम्ही डाव्या पाट्यांवरचा जळकं ऑइल आणि धुळीचा थर डिझेल लावून खरवडला. यू-बोल्टाखाली तांबूस राड निघाली. आवळलेलं लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासलं की अशी तांबडी भुकटी पडते. तिथं ती असणं म्हणजे जे हलायला नको ते हलतंय. दादानं नटाला पाना लावला आणि एका हातानं, जोर न लावता, नट फिरला.

तेव्हा दादा काही बोलला नाही. मीही नाही.

सेंटर बोल्टाचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, त्यामुळे एक्सल कुठं राहायचा ते ठरतं. पण त्याला तिथं धरून ठेवायचं काम यू-बोल्टांचं. ते सैल झाले की ब्रेकचा आणि इंजिनाचा सगळा धक्का त्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टावर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी तिरकी धावायला लागते. चौदाशे किलो माल, रात्र आणि कसारा घाटाचा उतार. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सेंटर बोल्ट काढला, तर त्याला झिजून खाच पडली होती. जवळपास तिसरा हिस्सा गेला होता. त्यावर दादानं किती खेपा केल्या, त्याचा हिशेब आईनं मागितला नाही आणि आम्ही दिला नाही.

दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट, चारही यू-बोल्ट आणि डाव्या शॅकलचे बुश बदलले. पाटे तेच राहिले, त्यांना काही झालेलं नव्हतं. सगळा खर्च पाटे बदलायच्या आकड्याच्या पाव हिश्श्याच्या आत बसला. गाडी अजून दादाकडेच आहे.

यू-बोल्टांबद्दल दोन शब्द. ते समोरासमोरचे नट थोडे थोडे करून फुलीच्या क्रमानं आवळायचे, एक बाजू पुरी करून मग दुसरी असं नाही. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि टॉर्क पाना असलेल्या गॅरेजमध्येच जा. आट्यांना तेल लावायचं की नाही तेही पुस्तकात बघा. कारण तेलानं घर्षण कमी झालं की पाना तितक्याच जोरानं फिरवूनही बोल्ट जास्त ताणला जातो. आणि नवे यू-बोल्ट लावल्यावर पहिल्या एक-दोन भरल्या खेपा झाल्या की ते परत तपासून आवळायचे. पाटे जागेवर बसतात, तेवढी ढिलाई येतेच. दादानं पहिल्या खेपेनंतर आवळले तेव्हा प्रत्येक नट थोडा थोडा फिरला.

पाटे एकमेकांवर घासून आवाज येत असेल तर तो सगळ्यात निरुपद्रवी. पाट्यांच्या टोकांमधले पॅड झिजले असतील तर ते बदला, नसतील तर टोकांशी ग्रॅफाइटचं ग्रीस चालतं. पण पाट्यांमधलं थोडं घर्षण मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यानं गाडीचे हेलकावे कमी होतात. तेव्हा पाटे तेलात बुडवू नका.

आमच्या कामात हा प्रकार रोजचा आहे. सिस्टीम सारखी इशारे देते, त्याला लोक वैतागतात आणि कुणीतरी इशाराच बंद करून टाकतो. मग रात्री दोनला फोन येतो तो मला. ग्रीस गन हातात घ्यायच्या आधी बाटलीभर पाणी आणि अर्धा तास कान द्या, एवढंच माझं म्हणणं.

टेक्निकलचे सर समोर बसले आहेत आणि मघापासून दोनदा मान हलवताना दिसले. होकाराची की नकाराची, ते इथून कळत नाही. सर, माइक आणते तुमच्याकडे.