फादर लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद



‘बिग बँग’ या नावाचं बारसं रेडिओवरच झालं. मार्च १९४९मध्ये बीबीसीवरच्या भाषणात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी ते वापरलं. विश्वाला आरंभ होता, हेच मुळात हॉयल यांना मान्य नव्हतं. त्यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, यांनीही पुढे पुण्यात राहून बिग बँगबद्दलच्या शंका जागत्या ठेवल्या. आणि ज्यांची ही मूळ कल्पना, ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र होते कॅथलिक धर्मगुरू! बायबलमधली निर्मितीकथाच गणिताचा झगा घालून आली, असा संशय यायला आणखी काय हवं?

संशय घेणाऱ्यांनी एक कागद पाहायला हवा होता. १९३१मध्ये लमेत्र यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला छोटंसं पत्र पाठवलं. विश्वाची सुरुवात एकाच आदिम कणातून झाली असावी, असं त्यात होतं. त्याच्या टंकलिखितात शेवटी आणखी एक परिच्छेद होता. देव मुळातच गुप्त आहे, आणि आजचं भौतिकशास्त्रही निर्मितीवर पडदाच धरतं, याचा श्रद्धावंतांना आनंद वाटावा, अशा आशयाचा. हा परिच्छेद लमेत्र यांनी खोडला. पत्र छापलं गेलं ते त्याच्याविना.

श्रद्धा डळमळली म्हणून खोडला, असं मुळीच नाही. ते अखेरपर्यंत फादरच राहिले. यशया संदेष्ट्याने ज्याला गुप्त राहणारा देव म्हटलं, तो दुर्बिणीत सापडेल ही अपेक्षाच त्यांना चुकीची वाटे. शिवाय आज निरीक्षणातून जे ठरतं, ते उद्याच्या निरीक्षणाने बदलू शकतं. श्रद्धा अशा आकड्यांना बांधली की आकड्यांबरोबर तीही हेलकावे खाणार.

नेमकं हेच पोप पायस बारावे यांच्या हातून व्हायला आलं होतं. नोव्हेंबर १९५१मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना, ‘प्रकाश होवो’ या आदिशब्दाची जणू विज्ञानानेच साक्ष दिली आहे, असा सूर त्यांनी लावला. अकादमीचे सदस्य असलेले लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांनी व्हॅटिकनमध्ये आपलं म्हणणं पोहोचवलं. सप्टेंबर १९५२मध्ये रोमला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले; पोप त्यांच्यापुढे बोलले, पण तो दावा पुन्हा केला नाही. बरंच झालं म्हणायचं! त्याच अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी दीर्घिका मानल्या होत्या त्याच्या दुप्पट दूर असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे या अंतरांवरून काढलेलं विश्वाचं वयही एका फटक्यात दुप्पट झालं. तोवर ते २ अब्ज वर्षांच्या आसपासच भरत होतं, म्हणजे खुद्द पृथ्वीहूनही कमी.

श्रद्धा आणि विज्ञान वेगळं ठेवण्याचा लमेत्र यांचा मार्ग सगळीकडे चालेल, असं मात्र मला वाटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा केवळ गुप्त देवाबद्दल बोलून थांबत नाही. पंतय पिलाताच्या अमलात येशूला क्रुसावर दिलं, तिसऱ्या दिवशी तो उठला, असं ती सांगते. हा इतिहासाचा दावा आहे, आणि इतिहासकार त्याला प्रश्न विचारणारच. तिथे दोन सत्यांना दोन खोल्या देऊन भागत नाही. पण विश्वाच्या आरंभापुरतं बोलायचं, तर धर्मगुरू असलेल्या या शास्त्रज्ञाला पुराव्याची मर्यादा पोपपेक्षा नीट कळली होती.

पोपच्या त्याच विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी १९६०मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी लमेत्र यांना नेमलं. १९६६मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.