लोखंड एकदम तुटत नाही

(मुलचेरा येथे चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर पुष्कळ बोलणे झाले. मी आता लोखंडावर बोलणार आहे. हसू नका. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, माझा विषय पिकांचा. पण गावोगाव फिरताना एक तक्रार सारखी कानावर येते. कुणाच्या ट्रालीचा हूक तुटला, कुणाच्या थ्रेशरचा शाफ्ट तुटला. ऐन हंगामात चार-आठ दिवस गेले, वर दुरुस्तीचा खर्च. विकणाऱ्याकडे गेले की उत्तर ठरलेले, "तुम्ही ओव्हरलोड केलं असेल." कास्तकार गप्प बसतो, कारण ट्राली भरलेली होती हे त्यालाही माहीत असते. कापसाची ट्राली काय रिकामी न्यायची?

हे ओव्हरलोड खरे की खोटे, ते तुटलेल्या तुकड्यावर लिहिलेले असते. तेवढे वाचायला आज शिकायचे आहे.

आधी एक सर्वांना माहीत असलेली गोष्ट घेऊ. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. सगळ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. त्या वेळी राज्याच्या प्रमुखांकडून सांगण्यात आले की वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता. आता ४५ किलोमीटरचा वारा म्हणजे किती? एका चौरस मीटरवर साधारण दहा किलोचा दाब. कोकण किनाऱ्यावर बांधकाम करताना ताशी १४० च्या आसपासचा वारा हिशेबात धरावा लागतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जेवढे सोसण्याची तयारी हवी होती, त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम तमाम झाले. पुढे सरकारनेच नेमलेल्या समितीच्या अहवालात कारणे आली ती वेगळी: गंज, कच्चा सांगाडा आणि चुकीचे वेल्डिंग.

वारा हे शेवटचे निमित्त होते. तुमच्या ट्रालीतला कापूस हेही बहुतेक वेळा शेवटचे निमित्तच असते.

ताण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एकूण ओझे किती यापेक्षा ते लोखंडाच्या किती जागेवर वाटले गेले, याला महत्त्व आहे. साधे लोखंड, ज्याला माइल्ड स्टील म्हणतात, ते एका चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच हजार किलोपर्यंत ताणले तर सोडल्यावर परत जागेवर येते. त्यापुढे ते वाकते, लांबते, आणि चार हजारांच्या वर गेले की तुटते. म्हणजे साधे लोखंड तुटण्याआधी वाकून सूचना देते. न वाकता तुटले असेल तर तिथे काहीतरी वेगळे घडले आहे.

ते वेगळे काय? कापडवाल्याला पाहिले असेल. तो थानातून कापड हाताने फाडतो, पण आधी कात्रीने काठाला बोटभर छेद देतो. छेदाशिवाय पहिलवानालाही ते फाटायचे नाही. सगळा ताण त्या छेदाच्या टोकाशी गोळा होतो. लोखंडाचे तसेच आहे. पट्टीला साधे गोल भोक पाडले तरी भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोकाऐवजी टोकदार खाच असेल तर त्याहून जास्त. जाडी जिथे एकदम बदलते, काटकोनात पायरी पडते, तिथेही तेच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या धरणाला तडे गेले ते कुठे? भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमके त्या उंचीवर. एवढे प्रचंड धरण, पण तडा जागा शोधत गेला आणि त्याला कोपरा सापडला.

आता दुसरी गोष्ट. कुंपणाची तार पक्कड नसेल तर आपण कशी तोडतो? मागेपुढे वाकवून. एकदा वाकवल्याने तुटत नाही, वीस वेळा वाकवल्याने तुटते. लोखंड थकते. हे प्रथम नीट मोजून दाखवले व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने, १८५० ते १८७० च्या सुमारास. आगगाडीचे आस धडधाकट दिसत आणि अचानक मोडत. त्याने आस फिरवून फिरवून तोडले आणि दाखवले की एका खेपेला सहज पेलते त्याच्या निम्म्या ओझ्यानेही लोखंड मोडते, फक्त ओझे पुरेशा वेळा यायला हवे. ताण एका मर्यादेच्या खाली असला तर मात्र साधे पोलाद जवळजवळ कधीच थकत नाही. ही मर्यादा गुळगुळीत, कोरड्या लोखंडाची. गंज, खाच, वेल्डिंग आले की ती खूप खाली उतरते.

थ्रेशरचा हिशेब करून पाहा. शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे घेतो असे धरा. पट्टा एका बाजूने ओढत असतो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला शाफ्टचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तासाला ३६ हजार वेळा. आठ तासांच्या दिवसाला २ लाख ८८ हजार. पस्तीस दिवस ज्वारी, सोयाबीन, हरभरा काढला की एक कोटी. एवढ्या वेळा तुमची तार वाकवली असती तर? आणि हा शाफ्ट पुलीजवळ काटकोनी पायरी ठेवून कापला असेल, चावीची खाच धारदार असेल, तर तो पहिल्याच दिवसापासून थकत असतो. पायरीच्या कोपऱ्याला थोडी गोलाई ठेवायला कारखान्यात काही मिनिटे लागतात. ती वाचवली जातात आणि किंमत आपण मोजतो.

ट्रालीच्या हुकाचे दुखणे वेल्डिंगचे. वेल्डिंग वरून गुबगुबीत दिसते, पण आत मुरलेले नसते. पहिल्या थरावरची खपली न खरवडता दुसरा थर मारला की मध्ये पोकळी राहते. पावसाळ्यात उघडे पडलेले ओलसर रॉड वापरले की लोखंडात बारीक छिद्रे आणि चिरा राहतात. वेल्डिंगच्या जोडाचे गणित फार कठोर आहे: ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होत नाही, आठवा हिस्सा होते. आणि तुटल्यावर मिस्त्री वर जाड पट्टी मारून देतो ना, त्याने पट्टी टिकते. पुढचा तडा पट्टीच्या कडेला येतो.

आता वाचन. तुकडा तुटला की दोन्ही तोंडे एकमेकांवर घासू नका, लगेच वेल्डिंगला देऊ नका. पुसून पाहा. थकून तुटले असेल तर तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट दिसेल आणि त्यावर बारीक कमानी दिसतील. उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे सरताना काठावर ओळी सोडते, अगदी तशा. त्या कमानी ज्या बिंदूभोवती आहेत तिथे तडा सुरू झाला. तिथे वेल्डिंगचे छिद्र, खाच किंवा गंज आहे का ते पाहा. उरलेला भाग खडबडीत, चकचकीत असेल. तो शेवटच्या क्षणी तुटला. हा खडबडीत भाग जेवढा लहान, तेवढे शेवटचे ओझे कमी होते. समजा गुळगुळीत भाग तीन चतुर्थांश आहे. म्हणजे तुमचा हूक शेवटी पाव लोखंडावर ट्राली ओढत होता. त्या माणसाला कोण ओव्हरलोड म्हणणार?

उलट, साध्या लोखंडाचे सगळे तोंड खडबडीत असेल, मान वाकलेली, लांबलेली असेल, तर ओझे खरोखरच जास्त होते. तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारी मरतात.

आणखी एक सांगून ठेवतो. तडा तुटण्याआधी पकडता येतो. जोड स्वच्छ करा, डिझेल लावा, अर्ध्या तासाने कोरडे पुसा आणि वर खडूची पूड फासा. चीर असेल तर आतले डिझेल वर येऊन काळी रेघ उमटते. खर्च दोन रुपये. हंगामाआधी एकदा, हंगामात दर पंधरवड्याला.

रस्त्याबद्दल बोलल्याशिवाय मुलचेऱ्यातून जाता येणार नाही. सुरजागडचे लोहखनिज २०२१ पासून ट्रकांनी जोरात वाहू लागले आणि आष्टी-आलापल्ली रस्त्याची काय गत झाली ते तुम्ही पाहिले आहे. रस्ताही थकतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून मोजले, तेव्हा दिसले की नुकसान आसावरच्या ओझ्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ओझे दुप्पट, नुकसान सोळापट. आपल्या देशात चार चाकांच्या आसाची मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ओझे वाढले तेरा टक्के, रस्त्याचे नुकसान साठ टक्क्यांनी. तुमच्या ट्रालीच्या आसावर ४ टन असतील, तर ११.५ टनांच्या एका आसाने रस्त्याचे जेवढे नुकसान होते तेवढे करायला तुम्हाला सुमारे ६८ खेपा लागतील. आणि त्या खड्ड्यांतून हुकाला बसणारा प्रत्येक हिसका तुमच्या खात्यावर. रस्त्याचा खर्च ओझ्याच्या हिशेबाने वसूल करा, ही मागणी आपण का करू नये?

बियाण्याच्या प्रकरणात आपली एक अडचण असे. पेरले की हातात काही उरत नाही. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे असे ठरवले, आणि शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवायला हवा होता हा कंपनीचा युक्तिवाद मानला नाही. लोखंडाचे त्याहून सोपे आहे, नमुना तुमच्या हातात असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेले अवजार बसते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही. वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूद त्यातच आहे, आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. पण बिल पाहिजे. बिलाशिवाय अवजार घेऊ नका. दुकानदार दोनशे रुपये सोडतो म्हणून कागद सोडू नका. तुकडा तुटल्याच्या दिवशी मोबाईलवर फोटो काढा, तोंडाला थोडे तेल लावा, फडक्यात गुंडाळून ठेवा.

बैठकीच्या निरोपात तुटलेले तुकडे घेऊन या म्हटले होते. काहींच्या पिशव्या जड दिसताहेत. जेवणे झाली की व्हरांड्यात बसू. भिंग मी आणले आहे. बिल असलेले तुकडे एका बाजूला ठेवा, नसलेले दुसऱ्या बाजूला.