सूर्य सगळ्यांचा, सातबारा कुणाचा?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळच्या गटचर्चेत तुम्ही लिहून दिलेल्या चिठ्ठ्या माझ्या हातात आहेत. बहुतेक प्रश्न सारखेच आहेत. सोलरच्या प्लेटांनी ऊन वाढेल का? पाऊस कमी होईल का? धुवायला पाणी कुठून आणणार? गायरान गेले तर शेळ्या कुठे चारायच्या? पोरांना काम मिळेल का? एका चिठ्ठीवर मात्र एवढेच लिहिले आहे : 'दिराने सही केली. मला विचारले नाही. आता काय करू?' ही चिठ्ठी मी सगळ्यात खाली ठेवते. तिच्यापर्यंत आपल्याला पोचायचेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी सौर विजेच्या विरोधात बोलायला आलेली नाही. शेतीपंपाला रात्री वीज येते म्हणजे काय, हे या मंडपातल्या बायांना मी सांगायला नको. रात्री एक वाजता नवरा दारे धरायला जातो, त्याच्यामागे बॅटरी घेऊन आपण जातो. साप, विंचू आणि आता बिबट्या. सकाळी पुन्हा चूल, पाणी, जनावरे आहेतच. दिवसा वीज मिळाली तर पहिली झोप बाईला मिळेल. यासाठीच राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिचा पथदर्शी प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाला. दुसरा यवतमाळ जिल्ह्यात कोळंबीला. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि गावोगावी वीज उपकेंद्राजवळच्या जमिनींची चौकशी होऊ लागली. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या बांधावर आला आहे.

आता चिठ्ठ्या घेऊ.

ऊन आणि पावसाची भीती मनातून काढून टाका. प्लेटा ऊन ओढून घेत नाहीत. जे ऊन त्यांच्यावर पडते त्यातल्या थोड्या भागाची त्या वीज करतात. त्यांच्यातून अंगाला अपाय करणारा कसलाही किरण बाहेर पडत नाही. दुपारी प्लेटांच्या मधून चालले तर गरम वाटते, पण त्यामुळे गावावरचा ढग पळून जात नाही. हे नीट समजून घ्या, कारण ग्रामसभेत आपण 'पाऊस जाईल' म्हटले की सगळे हसतात आणि आपला खरा प्रश्नही त्या हसण्यात वाहून जातो.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून प्लेटा धुवाव्या लागतात. एक मेगावॅटचा प्रकल्प साधारण चार-पाच एकरांवर पसरतो आणि त्याच्या एका धुण्याला हजारो लिटर पाणी लागू शकते. पारनेर, पाथर्डी, संगमनेरच्या पठारावरच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतात. तिथे कंपनीने बोअर घेतला तर आपल्या आडावर काय परिणाम होईल, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पाण्याशिवाय कोरड्या ब्रशाने सफाई करण्याची यंत्रेही आहेत. पाणी कुठून, किती, वर्षातून किती वेळा, हे लेखी मागा. आणखी एक लक्षात ठेवा. सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे त्यासाठीची जनसुनावणी होत नाही. विचारण्याची हक्काची जागा आपल्या हातात उरते ती ग्रामसभा.

आता गायरान. कागदावर त्याला पडीक म्हणतात. आपण त्याला काय म्हणतो? सरपण, गोवऱ्या, शेळीचा पाला, पावसाळ्यात रानभाजी, आणि ज्या वाडीत संडास नाही तिथे आडोसा. जिच्या घरी गुंठाभर जमीन नाही, तिचे निम्मे घर गायरानावर चालते. धनगर बायांच्या मेंढ्यांची वाटही तिथूनच जाते. तारेचे कुंपण पडले की सरपणाची खेप दोन मैलांनी लांबते, आणि ते दोन मैल चालते बाईच. गायरानावर काही दलित, भटक्या कुटुंबांची वहिवाट आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या त्यांच्या अतिक्रमणांबाबत शासनाचे निर्णय आहेत, तरी अनेकींच्या घरात अजून कागद आलेला नाही. कुंपण पडण्याआधी त्यांचा निकाल लागला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी जपण्याविषयी निकाल दिला आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने गायरानाबद्दल आदेश काढला. 'सरकारी जमीन आहे, तुमचा काय संबंध' असे कुणी म्हटले तर हे सांगायचे.

कुंपणाच्या आतही वाट निघू शकते. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत प्लेटांखालचे गवत खायला मेंढ्या सोडतात. गवत काढायचा खर्च वाचतो आणि मेंढ्या जगतात. जोधपूरच्या काझरी या केंद्रीय संशोधन संस्थेने प्लेटांच्या मधल्या जागेत पिके घेऊन दाखवली आहेत. तेव्हा आत चराईचा हक्क मागणे म्हणजे अडाणीपणा नव्हे.

कामाचे काय? उभारणी चालू असते तेव्हा काही महिने खड्डे, वाहतूक, तारा यांचे काम निघते. नंतर उरतात पहारेकरी, गवत काढणारे, प्लेटा धुणारे. ज्या शेतावर दहा बाया खुरपायला जात होत्या, तिथे दोन माणसे लागतात आणि ती बहुधा पुरुष असतात. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडा येथे २,०५० मेगावॅटचा मोठा सौर प्रकल्प आहे. सुमारे १३,००० एकर जमीन, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे. कोरडवाहू शेतकऱ्याला ते भाडे बरे वाटले. पण त्याच शेतांवर मजुरीला जाणाऱ्या भूमिहीन बायांना कोण भाडे देणार? त्यांची जमीन नव्हती, तिथे त्यांचे काम होते. कामाच्या बुडण्याला कुठल्याच करारात रकाना नसतो.

आणि भाडे? आपल्याकडे योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी किमान १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये वार्षिक भाडे आणि दर वर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. ज्या माळावर बाजरीसुद्धा पिकत नाही, तिथे ही रक्कम लहान नाही. पण करार वाचून घ्या. तीन टक्के मूळ रकमेवर की आदल्या वर्षीच्या रकमेवर? मूळ रकमेवर असेल तर तिसाव्या वर्षी एकरी ९३,५०० रुपये होतात. आदल्या वर्षीच्या रकमेवर असेल तर सुमारे १,१७,८००. एका शब्दाने एवढा फरक पडतो. मुदत किती? मधेच कंपनी विकली गेली तर भाडे कोण देणार? मुदत संपल्यावर खांब, सिमेंट, फुटक्या काचा कोण उचलणार? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटाही आल्या आहेत, पण जमीन पूर्ववत करून देण्याची अट करारातच लिहिलेली हवी. आणि एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केलेलाच हवा. साध्या स्टँपवर सही करून मोकळे होऊ नका.

आता ती खालची चिठ्ठी.

मैत्रिणींनो, यात माझीही एक चूक आहे आणि ती मला तुमच्यापुढे सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी एका गावात देवळाच्या ओसरीवर मी असाच एक करार शेतकऱ्यांना वाचून दाखवला. मुदत, भाडे, पाणी, सगळे समजावले. सगळे पुरुष. दोघी-तिघी चहा घेऊन आल्या आणि दारातून परत गेल्या. मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई, मला त्यांना थांबवायचे सुचले नाही. आठ महिन्यांनी त्यातलीच एक भेटली. नवरा वारून सहा वर्षे झालेली, वारस नोंद केलेली नाही, सातबारावर दीर आणि मयत नवरा. भाडे दिराच्या खात्यात. नणंदेला माहेरपणाला बोलावून साडी-चोळी केली आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती मला म्हणाली, 'ताई, जन्मभर ते ऊन माझ्या डोक्यावर पडलं. आता त्याच उन्हाचं भाडं दुसऱ्याच्या खात्यात.' माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही वारस नोंदीचा अर्ज केला, हरकत घेतली. नोंद झाली. भाड्याचे भांडण अजून चालू आहे.

माळरानाला किंमत नव्हती तोवर बहिणीचा, विधवेचा हक्क कुणाच्या डोळ्यांत आला नाही. भाडे सुरू झाले की पहिली गळते ती बाईच. आणि हे एका हंगामाचे नाही. आज जिचे नाव सातबारावर नाही, ती तीस वर्षे बाहेर राहणार. मी आज जी पस्तिशीची बाई पाहते आहे, ती करार संपेल तेव्हा पासष्टची असेल.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. विधवा ही तर पहिल्या वर्गातली वारस. चळवळीचा वारसाही आपल्याला आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकांच्या नावे जमीन केली. चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला दिले. आता त्या जिल्ह्यातल्या बायांचे नाव सातबारावर यायला हवे.

म्हणून घरी जाऊन पाच कामे करू या. एक, आपल्या घरचा सातबारा काढून बघा. नाव मालकाच्या रकान्यात आहे की 'इतर हक्कां'त की कुठेच नाही. दोन, गावात जिची वारस नोंद राहिली आहे, तिचा अर्ज गटाने मिळून करा. तीन, माहेरी बोलावून कुणी कागदावर सही मागितली तर 'वाचून सांगते' एवढेच म्हणा. हक्क सोडायचा की नाही ते नंतर ठरवा, पण साडीच्या बदल्यात नको. चार, ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पाणी, गायरान, चराई, बायांना काम, हे चारही प्रश्न ठरावात लिहून घ्या आणि तो ठराव ग्रामसभेत वाचायला लावा. पाच, योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळतात. त्यातून काय करायचे, हे कट्ट्यावर ठरू देऊ नका. ज्यांचे सरपण आणि खुरपणी गेली, त्या बायांचा त्यावर पहिला हक्क आहे.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मैत्रिणीने आपले नाव लिहिलेले नाही. तिला मी एवढेच सांगते : सातबारा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन ये. एकटी तलाठ्याकडे जाऊ नकोस. आम्ही दहाजणी तुझ्याबरोबर येऊ.