कुत्र्याला घेऊन महासागरावर



विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी मला दोनदा विचारले, "कुत्राच ना?" हो, कुत्राच. शिडाच्या लहान नौकेतून महासागर ओलांडणारी माणसे आणि त्यांच्याबरोबरचा कुत्रा यांचा दिवस कसा जातो, हे आज सांगायचे आहे. माझा समुद्र बराचसा वाचनातला, हे आधीच कबूल करतो.

हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. इथल्या मांडवीतल्या दिवाडी बेटावर ५६ फुटांची 'म्हादई' बांधली गेली. तीतून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबरोबर कुत्रा नव्हता. जगात हे प्रथम करणारा जोशुआ स्लोकम (१८९५ ते १८९८) यानेही कुत्रा नेला नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची त्याने धास्तीच घेतली होती. पुढे सेंट हेलेना बेटावर कुणी त्याला बकरी भेट दिली. तिने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला आणि असेन्शन बेटावर तिची रवानगी झाली. एकट्या माणसाला सोबत हवी असते, पण सोबतीलाही पोट असते!

तरीही लोक कुत्रे नेतात. कॅनरी बेटांहून कॅरिबियनपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल. व्यापारी वारे पाठीशी असले तर नौका दिवसाला सव्वाशे मैल कापते, म्हणजे तीन आठवडे. पॅसिफिक याहून मोठा. हे तीन-चार आठवडे माणूस स्वतःच्या हौसेने काढतो. कुत्र्याला कुठल्याही किनाऱ्याला जायचे नसते. त्याला आपल्या माणसापाशी राहायचे असते, आणि तो माणूस नेमका नौकेत चढलेला असतो. मला या विषयात जे महत्त्वाचे वाटते ते एवढेच. पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ इथे आहे.

पहिला खटाटोप, भर सभेत सांगायला थोडा संकोच वाटतो, पण शौचाचा. चांगल्या वळणाचा कुत्रा घरात घाण करत नाही आणि नौका हे त्याचे घर. मग तो रोखून धरतो, एक-एक दिवस रोखतो. कान पाडून मालकाकडे बघतो: जमीन कुठे आहे? म्हणून जाणती माणसे निघण्याच्या कितीतरी आधी कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा आणतात, बंदरावर त्याला कुत्र्याचाच वास लावतात आणि तो नाळेकडच्या भागात अंथरतात. तुकड्याला दोरी बांधलेली. काम झाले की समुद्रात सोडायचा, खळबळून वर ओढायचा. भर महासागरात कुत्र्याने पहिल्यांदा त्या तुकड्यावर पाय वर केला की तान्ह्या बाळाच्या घरी होतो तसा आनंद होतो. वाटेल ते गोड खायला काढतात!

दुसरे, पाणी. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर तरी गोडे पाणी हवे, उन्हात जास्त. समुद्राचे पाणी त्याला चाटू द्यायचे नाही; मिठाने तो आजारी पडतो, प्रसंगी मरतो. म्हणजे वीस-पंचवीस दिवसांसाठी निदान तीस लिटर केवळ त्याच्या नावाचे. पहिले दोन-तीन दिवस त्यालाही समुद्र लागतो, तो खात नाही, कोपऱ्यात पडून राहतो. मग सरावतो. सकाळी डेकवर येऊन पडलेले उडते मासे शोधणे हा उद्योग त्याने आपणहून अंगावर घेतलेला असतो.

आणि भीती. कठड्याभोवती जाळी बांधतात. कुत्र्याच्या लाइफजॅकेटला पाठीवर मूठ असते, पिशवी उचलावी तसा त्याला उचलता यावा म्हणून. कारण पाण्यात पडलेल्या कुत्र्याचे डोके नारळाएवढे दिसते. दोन मीटरच्या लाटेत नारळ किती वेळ दिसेल? शिडाची नौका वळवून परत आणायला वेळ लागतो. म्हणून रात्री त्याला एकट्याला डेकवर सोडत नाहीत.

रात्रीच्या पाळ्या मात्र याच कुत्र्यामुळे सुसह्य होतात. क्षितिजावर दिसू लागलेले जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून एकटा खलाशी वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतो. दोघे असले तरी एक जागा, एक झोपलेला. महिनाभर दोघांची धड गाठ पडत नाही. कुत्रा मात्र प्रत्येक पाळीला हजर. त्याला जेवण वेळेवर लागते, म्हणून माणूसही वेळेवर जेवतो. खरे सांगायचे तर कुत्रा नौकेला घड्याळ देतो.

पलीकडचा किनारा आल्यावर गाठ पडते कागदांशी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्यात रेबीज नाही, आणि तो येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेले. मायक्रोचिप, लस, रक्ततपासणी. ऑस्ट्रेलियात न्यायचे तर या तपासणीनंतर निदान १८० दिवस थांबणे, वर विलगीकरण. महाप्रस्थानात धर्मराजाला इंद्राने हेच सांगितले होते, कुत्र्याला आत जागा नाही. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. नौकेवरच्या माणसाकडे तेवढे धान्य-पाणी नसते. आणि मला त्या अधिकाऱ्यांचा रागही येत नाही. रेबीजने माणसे मरतात हे आपल्या देशात कुणाला सांगायला नको.

शेवटी २०२३ सालची एक हकिकत. सिडनीचा एक खलाशी एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या ला पाझहून फ्रेंच पॉलिनेशियाला निघाला. बरोबर बेला. ती त्याची पाळलेली नव्हे. मेक्सिकोत वाटेवर मागे लागलेली. त्याने तीनदा तिच्यासाठी घर शोधून पाहिले, प्रत्येक वेळी ती मागोमाग पाण्यावर आली. वादळात नौकेची यंत्रे निकामी झाली, शिजवण्याची सोय गेली. दोघांनी कच्चे मासे खाल्ले, पावसाचे पाणी प्याले. जुलैत ट्यूना पकडणाऱ्या एका मेक्सिकन बोटीच्या हेलिकॉप्टरला ती दिसली, तेव्हा जमीन सुमारे १,९०० किलोमीटर दूर होती. तो म्हणाला, बेला माझ्यापेक्षा खूप धीट आहे. मला इथे थांबावेसे वाटते. तिला धीट म्हणायचे की तिला दुसरे काही ठरवताच येत नव्हते म्हणायचे?

मांझानिय्योच्या बंदरात तो उतरला आणि बेला त्याने त्या बोटीवरच्या एका मच्छीमाराला देऊन टाकली. नीट सांभाळीन, एवढे कबूल करून घेतले. हे वाचून मी प्रथम चिडलो होतो. आता चिडत नाही. त्याने तिच्यासाठी चौथ्यांदा घर शोधले होते, आणि या वेळी मागे लागायला त्याच्यापाशी नौका उरली नव्हती.