औषधाचे नाव आणि वरच्या कोर्टाची परवानगी

श्रोतेहो, सेवाग्राम हे नाव आज सर्वतोमुखी आहे. पण १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाला सेगाव म्हणत. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेच्या वाटेवर गजानन महाराजांचे शेगाव. नावे जवळजवळ सारखी, त्यामुळे इथली पत्रे तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० साली नाव बदलून सेवाग्राम केले, तेव्हा हा घोटाळा मिटला.

चुकलेले पत्र चार दिवसांनी का होईना, परत येते. पण नावाच्या घोटाळ्याने चुकीची गोळी पोटात गेली तर? आज आपण औषधांच्या नावांवरून होणारे तंटे पाहू, आणि असा तंटा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा जातो तेही पाहू.

औषधाला दोन नावे असतात. एक त्यातल्या द्रव्याचे मूळ नाव. ते सर्वांचे असते, कोणालाही त्याची मालकी मिळत नाही. दुसरे कंपनीने ठेवलेले नाव, म्हणजे व्यापारचिन्ह. बैलावर डाग असतो ना, तशी ही धन्याची खूण. दुसऱ्याने तसलीच खूण वापरली की पहिला कोर्टात जातो आणि निकाल लागेपर्यंत त्याला थांबवा असे म्हणतो. याला तात्पुरता मनाई हुकूम म्हणतात. बहुतेक लढाई या हुकुमावरच होते, कारण मूळ दाव्याला वर्षे लागतात.

आता समजा, हायकोर्टातही एक बाजू हरली. पुढे काय? पुष्कळांना वाटते की सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा आपला हक्कच आहे. तसे नाही बरे का! एक तर हायकोर्टाने दाखला द्यावा लागतो, की या खटल्यात सर्वांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा कायद्याचा प्रश्न आहे. नाहीतर घटनेच्या १३६व्या अनुच्छेदाखाली अपिलाची खास परवानगी मागावी लागते. हायकोर्टाच्या निकालापासून साधारणतः ९० दिवसांत हा अर्ज करायचा असतो. त्यात 'मी हरलो' एवढे सांगून भागत नाही. मोठा अन्याय झाला आहे, किंवा हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, असे दाखवावे लागते.

'अमृतधारा'चा खटला घ्या. हे औषध गावोगावी माहीत होते. कानपूरच्या एका व्यापाऱ्याने १९५० साली 'लक्ष्मणधारा' या नावाची नोंदणी मागितली. ते नाव तो १९२३ पासून वापरीत होता. अलाहाबाद हायकोर्ट म्हणाले, नावे वेगळी आहेत, ज्याला भाषा कळते तो फसणार नाही. अमृतधारावाल्यांनी खास परवानगी मिळवली, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्याचे म्हणणे असे, की खेड्यातला किंवा शहरातला साधा माणूस शब्दाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. मागे कधीतरी घेतलेल्या औषधाचे अंधुकसे नाव आठवून तो मागतो. म्हणून मोजमाप त्याच्या आठवणीचे लावले पाहिजे, पंडिताच्या व्याकरणाचे नव्हे. मात्र अमृतधारावाले पुष्कळ वर्षे गप्प राहिले होते, म्हणून लक्ष्मणधारेला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

आपल्या मुंबईचा खटला अलीकडचा आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची दोन नावे, 'कायमोरल' आणि 'कायमट्रल'. टॉरेंट कंपनीने वोखार्डविरुद्ध मनाई हुकूम मागितला. २०१७ साली मुंबई हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी तो नाकारला, आणि त्याच वर्षी खंडपीठाने तो दिला. वोखार्डला पुढे परवानगी मिळाली, अपील ऐकले गेले, पण २०१८ साली ते फेटाळले गेले. न्यायालय म्हणाले, फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाची फसगत होईल अशी मांडणी झाली म्हणजे पुरे. म्हणजे पाहा, परवानगी मिळाली तरी जय मिळतोच असे नाही.

याच्या उलट गोष्ट २००१ सालची. हिवतापावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या औषधांचा वाद कॅडिला नावाच्याच दोन कंपन्यांत होता. सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही, दावा खालीच चालवा म्हणून सांगितले. परंतु त्यासोबत देशभरच्या कोर्टांना कसोटी घालून दिली. औषधांच्या नावांत इतर मालापेक्षा अधिक काटेकोर राहा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधातही गोंधळ होतो. आणि आपल्याकडे पुष्कळांना इंग्रजी येत नाही हे विसरू नका. मागणाऱ्याच्या हाती त्या दिवशी काही लागले नाही, पण रोग्यांच्या पदरात पडले.

आणखी एक बारकावा सांगतो. परवानगीचा अर्ज कारणे न देता फेटाळला गेला, तर खालचा निकाल बरोबरच आहे असा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने मारला असे होत नाही. दार उघडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे भांडण दोन धनवंतांचे. त्यात आपले काय, असे कोणी म्हणेल. पण कोर्टात जो माणूस कधीच उभा राहत नाही, त्याच्यासाठीच ही कसोटी आहे. वर्ध्याच्या दुकानात 'मागच्या खेपेची ती पांढरी गोळी द्या' म्हणणारी म्हातारी वकील लावणार नाही. तिची अंधुक आठवण न्यायाधीशांनी जमेस धरली, हे मला या निकालांचे मोल वाटते.

तरी कोर्ट प्रत्येक दुकानात हजर राहू शकत नाही. म्हणून शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, एक काम तुमच्याकडे देतो. औषधाची रिकामी पट्टी वर्गात दाखवा. त्यावरचे द्रव्याचे मूळ नाव, कंपनीचे नाव आणि मुदत कुठे छापली आहे ते मुलांकडून वाचून घ्या. आणि श्रोतेहो, दुकानात जाताना चिठ्ठी न्या, नाहीतर निदान जुनी पट्टी न्या. तोंडी नावावर विसंबू नका. घरात एक पोर वाचणारे असेल, तर दुकानातून आणलेली गोळी घेण्याआधी तिचे नाव एकदा त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घ्या.