पॅरिसची बेकरी आणि आमची गिरणी

आजचा भाग खाण्याचा आहे, पण रेसिपीचा नाही. मी चाकूरचा, काम सॉफ्टवेअरचं, आणि मला सिलियाक आहे. म्हणजे गहू, जव यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. डाएटचं फॅड नाही हो हे. कॉलेजपासून हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळलो, तेव्हा कुठं निदान झालं.

गावात सगळे म्हणायचे, "त्यात काय, ज्वारीची भाकरी खा की!" बरोबरच आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून तर आई पिठात आधणाचं पाणी घालते, चिकटपणा गरम पाण्यानं आणावा लागतो. दळण जुनं झालं, विरी गेली, की भाकरी थापतानाच चिरते. पण वर्षभर भाकरी खाऊनही माझा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येईना. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. आम्ही हिंग बदलला. (बांधणी हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचून बघा.) तरी तेच.

मग ऑफिसच्या कामानं पॅरिसला जाणं झालं. तिथं अकराव्या विभागात, रू तेर्नो नावाच्या गल्लीत, शांबेलाँ ही छोटी बेकरी आहे, २०१४ पासूनची. पाव तांदळाच्या आणि कुट्टूच्या पिठाचा, आंबवलेला. चार वर्षांनी मी पाव खाल्ला! वरून कडक, आत ओलसर, वास थोडा इडलीच्या पिठासारखा. दुकानाबाहेर उभ्यानंच अर्धा संपवला.

काउंटरवरच्या बाईंना मी सवयीचा प्रश्न विचारला, इथं गव्हाचं काही बनतं का? त्या म्हणाल्या, नाही, आणि आमची गिरणीसुद्धा वेगळी आहे, दक्षिण फ्रान्समध्ये. तिथं गहू येतच नाही.

गिरणी! आमच्याकडं एकाच दगडावर आधी कुणाचा तरी गहू, मग आमची ज्वारी. दगडात, खालच्या कापडी नळीत जे पीठ राहतं ते पुढच्याच्या डब्यात पडतं. यात गिरणीवाल्या काकांचा काय दोष? गिरणी तशीच चालते. पण ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, युरोपातही आणि आपल्या एफएसएसएआयच्या नियमातही. चिमूट-दोन चिमूट गव्हाच्या पिठात तेवढं सहज भरतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, सर्व्हर शेअर्ड होता.

परत आल्यावर घरघंटी घेतली. तिच्यात फक्त ज्वारी आणि तांदूळ. ज्वारीसुद्धा निवडून, धुऊन, वाळवून, कारण पोत्यात गव्हाचे दाणे निघतात. पुढच्या तपासणीत आकडा पहिल्यांदा खाली आला. अजून नॉर्मल नाही, पण उतरतोय.

अडचण आता वेगळीच आहे. गल्लीत घरघंटी आली म्हटल्यावर शेजारच्या काकू पाच किलो गहू घेऊन आल्या. तीस वर्षांचा शेजार, आमच्या घरचं विरजण त्यांच्याकडून येतं. आईनं त्यांना बसवलं, चहा केला, माझ्या आतड्याची सगळी कथा सांगितली. काकूंनी ऐकून घेतली आणि विचारलं, "मग नंतर पुसून घेतलं तर?"

आई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी विरजण आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं.